मिठाच्या रांजणाचं सोवळं

सूर्य थोडा कमी करायचा, असं जगातल्या शंभरेक देशांनी बहुमताने ठरवलं, तेव्हा आमच्या कॉलनीला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आम्हीही हात वर केला असता. त्या वर्षी मे महिन्यात निफाडला पारा अठ्ठेचाळीसवर होता आणि आमचे चेअरमन बोरस्ते यांच्या गाडीतला डॅशबोर्डवरचा गणपती वितळून ड्रायव्हरच्या बाजूला कलला होता. मग विमानांनी आभाळाच्या वरच्या थरात गंधकाची धूळ फवारली, तिने ऊन थोडं परत पाठवलं, उन्हाळे सुसह्य झाले आणि सगळ्या देशांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. हिवाळा कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. तिसऱ्या डिसेंबरात निफाडला उणे चार झालं.

आमची घरं उन्हाळ्याशी भांडायला बांधलेली होती. खिडक्यांना फटी, जिन्याला जाळी, गच्चीला पांढरा रंग आणि पायाला गार लागावी म्हणून मुद्दाम निवडलेली फरशी. पाहुण्यांना आम्ही अभिमानाने सांगायचो, आमच्याकडे पंखासुद्धा लागत नाही. आता संध्याकाळी सूर्यावरची वीज संपली की सोळाच्या सोळा फ्लॅटमध्ये एकदम हीटर लागायचे आणि सात वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर आवाज करून निवृत्त व्हायचा.

त्यावर उपाय म्हणून पुढच्या वर्षी सरकारी योजनेतून रांजण आले.

रांजण हे लोकांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री ती सुप्त उष्णता साठवणूक टाकी होती. हॉलच्या कोपऱ्यात छातीइतकी उंच, आत सातशे किलो मीठ. जेवणातलं नव्हे. व्हिनेगर आणि धुण्याचा सोडा एकत्र आले की जे मीठ तयार होतं, ते. अठ्ठावन्न अंशांना ते वितळतं आणि वितळताना भरपूर उष्णता पोटात घेतं. आपलं दिवाळीपर्यंतचं ऊन गच्चीवरच्या नळ्यांतून त्याच्या पोटात उतरवायचं. पुढची गंमत अशी की गार झाल्यावर ते पुन्हा गोठायला हवं, पण गोठत नाही. महिनोन् महिने पाण्यासारखं नितळ राहतं. गोठायचं म्हणजे कणांनी रांगेत उभं राहायचं आणि रांगेत पहिला कोण उभा राहणार हे ठरत नाही. आमच्या वार्षिक सभेत आभारप्रदर्शन कुणी करायचं यावरून जे होतं, तेच. मात्र त्याच मिठाचा सुईच्या टोकाएवढा स्फटिक आत पडला की बाकीचे त्याच्यामागे धडाधड उभे राहतात, दोन मिनिटांत पाण्याचा दगड होतो आणि साठवलेली सगळी उष्णता बाहेर पडू लागते. दोन दिवस घर ऊबदार. ना वीज, ना धूर.

सुरुवातीला हे मीठ दोन-चार वापरांत फाटायचं. गवारीचा डिंक घातला की फाटत नाही, हा शोध लागला आणि योजना मार्गी लागली. मूळ आराखड्यात रांजण पूर्ण बंद होता आणि बाहेरून दाबायचा एक खटका होता. सर्वांत कमी दराच्या निविदेत खटका गेला. त्याऐवजी वर एक झाकण आणि सोबत काचेची बारीक कुपी मिळाली. कुपीत चिमूटभर स्फटिक. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याला विरजण म्हणायला सुरुवात केली आणि मला, महाविद्यालयात वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला, याहून नेमका शब्द सुचला नाही.

एकच अडचण होती. विरजण एकदा पडलं की थांबवता येत नाही, आणि दगड झालेला रांजण या मंद उन्हात पुन्हा वितळायला दहा-बारा दिवस लागतात. त्यामुळे जो तो आपला रांजण राखून ठेवू लागला. नऊ अंशांना गारठा सोसायचा, आठला सोसायचा, खरी लाट येईल तेव्हाच झाकण उघडायचं. रांजण नितळ असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. ज्यांनी अधीर होऊन तो गोठवला, त्यांचं घर खारं. नितळ घरं आणि खारी घरं अशी भाषा महिन्याभरात रूढ झाली. स्थळं बघतानाही विचारू लागले म्हणे.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणून नोव्हेंबरच्या सभेत मी सर्वांना विरजणाचं प्रात्यक्षिक दाखवलं. चिमूट तळहातावर घेतली, एक कण वाटीतल्या द्रवात टाकला, वाटी पांढरी झाली, टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर इतिवृत्तावर सही घ्यायला मी बोरस्त्यांकडे गेलो. बोरस्ते आत चष्मा शोधत होते. मला बरेच दिवस संशय होता की चेअरमनच्या रांजणात ठेकेदाराने आमच्यापेक्षा चांगलं मीठ भरलंय. मी झाकण उचलून वास घेतला. आमच्यासारखाच होता. झाकण ठेवलं, सही घेतली, घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, त्यांचा रांजण रात्रीच दगड झाला होता. बाहेर स्वच्छ ऊन, घरात बोरस्ते दाम्पत्य घामाघूम, आणि तीन महिने राखून ठेवलेलं ऊन खिडकीतून परत उन्हात चाललेलं.

बोरस्ते तातडीची सभा बोलावून उभे राहिले. हा घातपात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कण कुणीतरी आणला. मी शास्त्रीय बाजू मांडली. कण डोळ्यांना दिसत नाही, बोटाला, कपड्याला चिकटून येऊ शकतो. एवढं बोलून मी थांबलो. माझा तळहात मला आठवत होता, पण विषयपत्रिकेवर तो विषय नव्हता.

खाऱ्या घरांतून नितळ घरांत रोज कोण जातं, असा प्रश्न कुणीतरी विचारला आणि सभागृहात एक समाधानाची शांतता पसरली.

अलकाबाई आमच्या कॉलनीत अकरा घरी भांडी-फरशी करायच्या. कालव्यापलीकडच्या वस्तीत राहायच्या आणि ती वस्ती तर मुळातच खारी होती. तिथे चाळीस घरांना मिळून सहा रांजण मिळाले होते. ते समाजमंदिरात ओळीने ठेवून लोक एकेक करून गोठवायचे आणि संध्याकाळी सगळे तिथेच बसायचे. एकाचा कण दुसऱ्यात पडल्याचं ऐकिवात नव्हतं. ते झाकणं नीट लावत असत. पण ही माहिती सभेपुढे कुणी ठेवली नाही. मला ती होती.

नियमावली मीच लिहिली. मराठी चांगलं आहे, असं सगळे म्हणाले. कलम तीन, पाहुण्यांनी हातपाय धुऊन, वरचे कपडे बदलून आत यावे. कलम चार, घरकाम करणाऱ्या व्यक्तींच्या हातापायांस व वस्त्रांस स्फटिक चिकटलेले असतात, सबब त्यांनी घरात प्रवेश न करता भांडी मागील नळावर घासावीत. कलम सहा, विरजणाची कुपी दर शनिवारी दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून बाहेरून निर्मळ करावी. कलम सात, व्हिनेगर घरात ठेवू नये. कलम नऊ, बाहेरच्या व्यक्तीचा हात ज्या रांजणास लागला ते घर हंगामभर खारे धरावे व कलम चार त्या घरास लागू करावे. कागद प्लास्टिकमध्ये घालून मागच्या नळावर लावला.

अलकाबाईंना तो वाचून दाखवायचं काम मृणालने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्यावर टाकलं. तू लिहिलंस, तूच वाच. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांनी विचारलं ते एवढंच.

"सर, या नळाला गरम पाणी येतं का?"

नियमावलीत तसा उल्लेख नाही, असं मी सांगितलं.

त्या अकरा दिवस आल्या. बाराव्या दिवशी आल्या नाहीत. बोटं फुटली होती, असं वॉचमन म्हणाला. वहिनी लोकांनी काही दिवस त्यांचा कृतघ्नपणा चर्चेला घेतला, मग स्वतःची भांडी घासायला लागल्या. घरात, गीझरच्या पाण्याने.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खरी लाट आली. उणे सात. पहिल्या दिवशी ट्रान्सफॉर्मर गेला, दुसऱ्या दिवशी उपकेंद्र, तिसऱ्या दिवशी मोबाइलचे टॉवर आणि पाइपचा गॅस. दुकानं बंद. द्राक्षबागांवर पांढरी साय धरली होती. आमच्या घरात दुपारी दोन वाजता चार अंश होते आणि त्या चार अंशांत माझे सासरे खोकत होते.

अण्णा वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंता. सासू गेल्यापासून आमच्याकडे. फुप्फुसं निम्मी उरलेली, पण उरलेल्या निम्म्यात माझ्यासाठी पुरेशी हवा त्यांनी कायम राखून ठेवलेली होती. वीज सोडून उष्णता देणारी कुठलीही वस्तू त्यांच्या मते भोंदूगिरी होती.

"जावईबापू," तीन रजया आणि माकडटोपीतून ते म्हणाले, "तुमच्या पिंपात उन्हाळा भरलाय ना? मग एक वाटी वाढा की आता."

त्यांची नखं निळी पडली होती. मृणालने मला खुणेने दाखवली. वेळ आली होती. मी समारंभपूर्वक झाकण उघडलं, कुपीचं बूच काढलं आणि रांजणावर उपडी केली.

कुपीतून एक थेंब पडला. थेंब. द्रवात द्रव पडला आणि काहीही झालं नाही.

कुपी दर शनिवारी उकळत्या पाण्यात. पाणी उकळतं शंभराला. मीठ वितळतं अठ्ठावन्नला. हा आकडा मी वीस वर्षं फळ्यावर लिहिला होता, आणि कलम सहा लिहिताना तो माझ्या मनात एकदाही आला नव्हता. स्फटिक केव्हाच वितळून गेले होते आणि मिठाच्या स्वभावाप्रमाणे परत गोठले नव्हते.

"तूच सांगितलंस उकळायला," मृणाल म्हणाली. "मी तर घड्याळ लावून उकळायचे."

मी शेजारी धावलो. त्यांचीही कुपी नितळ. वरच्या मजल्यावर नितळ. बोरस्त्यांचा रांजण केव्हाच पुन्हा वितळला होता आणि त्यांनी तर कुपी दोनदा उकळली होती. सोळा घरं, त्यांत आता एकही खारं नाही, अकरा टन साठवलेलं ऊन, आणि ते उठवायला एक कण नाही. व्हिनेगर असतं तर पणतीवर आटवून मी कण तयार केला असता, निदान पुस्तकात तसं आहे, पण कलम सातचं पालनही काटेकोर झालेलं होतं. इतकी शिस्तप्रिय सोसायटी तालुक्यात दुसरी नसेल.

संध्याकाळपर्यंत अण्णांचं बोलणं थांबलं. हे लक्षण मला सर्वांत वाईट वाटलं. मी मफलर गुंडाळला आणि कालव्याकडे निघालो.

कालव्यावर बर्फाचा पापुद्रा होता. समाजमंदिराच्या दारात पोचलो तेव्हा आत तेलाचे दिवे लागले होते, आणि दार उघडताच अंगावर आली ती ऊब. महिन्याभरात मी विसरलो होतो की हवा अशीही असते. चाळीस घरांचे लोक दाटीवाटीने बसले होते, कुणी शेंगा फोडत होतं, कुणी पत्ते कुटत होतं. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. अलकाबाई भाकऱ्यांची परात घेऊन उभ्या होत्या.

अण्णांचं सगळं सांगून मी विरजण मागितलं.

"दिवे लागले सर," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"या वेळेला मीठ देत नाय कुणी. आणि हातात तर नायच नाय. भांडण लागतं."

"भांडण लागलेलंच आहे, बाई."

मागून कुणीतरी हसलं. पत्ते खेळणाऱ्यांतल्या एकाने सुचवलं की सरांना आधी हातपाय धुऊन, कपडे बदलून आत घ्या, नियम आहे. आता बरेच जण हसले. मी उभा राहिलो. उभं राहण्यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं.

अलकाबाईंनी परात खाली ठेवली, हात पदराला पुसले.

"मीठ देनार नाय. मी येते."

गेटवर बोरस्ते, वहिनी आणि निम्मी कॉलनी शाली पांघरून उभी होती. मी कुठे गेलो होतो ते कळायला वेळ लागला नव्हता. गेले दोन महिने ज्या बाईला बोरस्ते "ती" म्हणत होते, तिला ते म्हणाले, "या, अलकाताई." ताई थांबल्या नाहीत. जिना चढल्या, पायपुसणं ओलांडलं आणि चपला घालून आमच्या हॉलमध्ये आल्या. मागोमाग सगळे. हातपाय कुणीच धुतले नाहीत.

अण्णा कोपऱ्यात रजयांचा ढीग होऊन पडले होते. ढीग अनियमितपणे हलत होता. बाईंनी तिकडे पाहिलं, मग रांजणाचं झाकण काढलं आणि बाही वर केली.

"माझ्या हातापायाबद्दल काय लिवलंय सर तुमच्या कागदात? सांगा ना."

मला पाठ होतं. "घरकाम करणाऱ्या व्यक्तींच्या हातापायांस व वस्त्रांस स्फटिक चिकटलेले असतात."

त्यांनी कोपरापर्यंत हात द्रवात घातला. सगळे पुढे झुकले. मृणालने टॉर्च धरला. बाईंनी हात ढवळला, पदराचं टोकही बुडवलं, वाट पाहिली. आत टॉर्चचा उजेड तळापर्यंत दिसत होता. काही झालं नाही. पाणी नितळच राहिलं.

हे मीठ पाण्यात साखरेसारखं विरघळतं. दिवसातून अकरा घरची भांडी घासणाऱ्या बाईचे हात कॉलनीत सर्वांत जास्त वेळा धुतलेले असतात. हे समजायला रसायनशास्त्राचीही गरज नव्हती.

बाईंनी हात बाहेर काढला, पुसला. मग कमरेची कनवटी सोडून प्लास्टिकची एवढीशी पुडी काढली, तिच्यातला एक पांढरा खडा चिमटीत धरला आणि चिमूट रांजणावर नेऊन थांबवली.

"मग बोरस्ते सायबांच्या रांजणात काय पडलं व्हतं?"

अण्णांचा श्वास शिट्टी वाजवत आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"सभा झाली त्या दिवशी मी त्यांच्या मोरीत भांडी घासत व्हते," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघत होत्या, रागाने नव्हे, हिंदकळणारं भांडं ओट्यावर कुठे ठेवावं हे बघावं तसं बघत होत्या. "मी पाहिलं ते मी सांगून उपेग नाय. तुम्ही सांगा."

मला अजून आठवतं, त्या क्षणी मी वाक्यरचनेचा विचार करत होतो. अनवधानाने, कदाचित, संभाव्यतः. मग अण्णांकडे पाहिलं. मृणालचा टॉर्च माझ्या तोंडावर आला होता.

"मी," मी म्हणालो. "प्रात्यक्षिकानंतर हात न धुता मी झाकण उघडलं. वास घ्यायला."

"आणि नियमावली लिहिताना तुला हे माहीत होतं?" मृणालने विचारलं.

"हो."

बाईंनी चिमूट सोडली. खडा पडला तिथून पांढऱ्या सुया फुटल्या, पंख्यासारख्या पसरल्या, एकमेकींत घुसल्या, आणि बघता बघता रांजण वरून खाली पांढरा होत गेला. आतून बारीक करकर आवाज येत होता. मिनिटभरात पत्रा कोमट झाला, पाचव्या मिनिटाला हात ठेववेना. मृणालने रजयांसकट अण्णांना ओढून रांजणाला टेकवलं.

बोरस्ते माझ्या अंगावर धावून आले असते, पण त्यांनाही थंडी वाजत होती. तुला नंतर बघतो, असं मला म्हणून ते बाईंकडे वळले. "ताई, आता आमच्याकडे."

"मी कशाला? हितं आता सातशे किलो विरजण झालं," त्या म्हणाल्या. "सरांकडनं मागून घ्या."

आणि चपला फटफटवत जिना उतरून गेल्या.

मग लोक आले. वाटी घेऊन, एकेक घर. दिवेलागणीनंतर मीठ हातात घेत नाहीत, म्हणून वाटी उंबऱ्यावर ठेवायची आणि भिंतीकडे बघत उभं राहायचं. मी सुरीच्या टोकाने तुकडा फोडून वाटीत टाकायचा. पंधरा वाट्या. कुणी आभार मानले नाहीत. बोरस्त्यांची वाटी शेवटची होती. त्यांनी ती ठेवली आणि पायाने थोडी पुढे सरकवली.

मी दार लावून आत आलो तेव्हा रजयांतून एक हात बाहेर आला होता. नखं गुलाबी होती.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "उकडतंय. खिडकी उघडा."

लाट ओसरली, वीज आली, सभा झाली. मी सेक्रेटरी राहिलो नाही, हे सांगायला नको. अलकाबाईंच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यांना सन्मानाने परत बोलवावं असंही ठरलं. त्या आल्या नाहीत. स्टेशनपलीकडच्या एका सोसायटीत त्या काम करतात, तिथे रांजण नाहीत. नियमावली रद्द करावी अशी सूचना मी मांडली, तिला अनुमोदन मिळालं नाही. उलट नियमावली उत्तम लिहिलेली आहे, फक्त कलम सहा काढावं, असं मत पडलं. बाकी पंधरा घरांनी आपापले रांजण पुन्हा वितळवले आणि ती नितळ झाली. आमच्या रांजणाला बाहेरच्या व्यक्तीचा हात लागला होता. कलम नऊ. ते घर हंगामभर खारं.

खाऱ्या घराला कलम चार लागू. मृणाल म्हणाली, तिने महिनाभर भांडी घासली तेव्हा मी बघत होतो, आता ती बघेल. ती खिडकीतून बघते. शेजारी अण्णा असतात, त्यांना बाहेरचं दिसावं म्हणून तिने त्यांची खुर्ची तिथे हलवली आहे.

रोज सकाळी सात वाजता मी टोपलं घेऊन मागच्या नळावर बसतो. समोर प्लास्टिकमध्ये माझाच कागद. मराठी खरोखर चांगलं आहे. कधी कधी रस्त्याने अलकाबाई जातात. थांबत नाहीत, पण चाल थोडी कमी करतात, माझ्या बोटांकडे बघतात आणि पुढे जातात.

त्या नळाला गरम पाणी येत नाही.